काटा हिरव्यावर

कामशेतजवळची आपली वाडी, ता. मावळ
मंगळवार, १ जुलै २०२५

चि. यशोधरा,

केरबाकाकाचा जय भीम. फोनवर मला ऐकू येत नाही आणि आमच्या पोराला, गौरवला, सांगून ग्रुपवर काही लिहिलं की कार्ल्यापर्यंतचे भाऊबंद वाचतात. म्हणून हे पत्र ई-मेलने. दोन बोटांनी टाइप करतोय, सकाळपासून बसलोय, तेव्हा चुका काढू नकोस.

तुझ्या काकूसाठी एखादा डॉक्टर बघ. डोक्याचा. 

झालं असं. या वर्षी गौरवने नदीपलीकडे तंबू टाकलेत. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहतात आणि काकू व शेजारची भामाबाई त्यांना पिठलं-भाकरी करून घालतात. जायचं तर नदीवरच्या फरशी-पुलावरून. ती ठेंगणी फरशी तुला आठवत असेल, कठडा नाही की काही नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलं की वळणाआडून येतं आणि अर्ध्या तासात फरशी बुडते. भोंगा वाजतो, पण पावसाच्या आवाजात वळणाच्या खाली तो धडधाकट कानांनाही पोहोचत नाही.

म्हणून तर तू नोकरीला लागलीस त्या वर्षी, २००९ च्या दिवाळीत, इंटरनेटवर आपलं ते पान करून दिलंस. धरणावरचा भिमाजी माझ्या साध्या फोनवर पाण्याचा आकडा पाठवतो, मी सकाळी सहाला तो कॉम्प्युटरवर टाकतो आणि पानावरचा काटा हलतो. हिरवा, जा. पिवळा, विचारून जा. लाल, घरी बस. सोळा वर्षांत एक सकाळ चुकवलेली नाही. लोणावळ्याच्या केबिनात पस्तीस वर्षं सिग्नलचे लिव्हर ओढले, वेळेची सवय हाडात गेली आहे. सगळी वाडी अजून मलाच येऊन विचारते. फक्त काकूला गौरवने मागच्या दिवाळीत मोठा मोबाईल घेऊन दिला, तेव्हापासून ती मला विचारत नाही. स्वतः बघते आणि जाते.

परवा रविवारी सहाला आकडा टाकला. काटा लालवर गेला, माझ्या डोळ्यांनी पाहिला. चहा ठेवून मागे वळतो तर काकू घरात नाही. दहाला परत आली ती कमरेपर्यंत भिजलेली, एक चप्पल नदीत. मी म्हटलं, अगं, काटा लाल होता. म्हणाली, "हिरवा व्हता. बघूनच गेलते." दोन आठवड्यांपूर्वीही हेच झालं होतं. तेव्हा मी भांडलो. या वेळी भांडायचं त्राण राहिलं नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याशी भांडण पुष्कळ केलं, पण खोटं कधी बोलली नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. लाल तिला हिरवं दिसतंय. तिच्या आईचं शेवटी काय झालं ते तू लहानपणी पाहिलंस. कुणाला बोलू नकोस.

तुझा
केरबाकाका

*

बंगळूर
२ जुलै

प्रिय काका,

जय भीम. पत्र वाचलं. तळेगावात माझी एक वर्गमैत्रीण डॉक्टर आहे, तिच्याशी बोलले. ती म्हणाली घाबरू नका, या वयात होतं, लवकर कळलं तर औषधं आहेत. शुक्रवारी, ११ तारखेला अकराची वेळ घेतली आहे.

तोपर्यंत तिने सांगितलेलं करा. काकूला रोज सकाळी सोपे प्रश्न विचारा. आज वार कोणता, हा रंग कोणता, काल काय जेवलो. उत्तरं वहीत लिहून ठेवा. आणि मोबाईल काही दिवस तुमच्याकडे ठेवा, म्हणजे ती त्याच्या भरवशावर निघणार नाही. चिडेल, चिडू द्या.

पानाची मात्र शंका घेऊ नका. तुमच्याकडे काटा हलतोय म्हणजे ते चालतंय. पान एकच आहे, ते तुम्हाला एक आणि काकूला दुसरं दाखवत नाही.

खरं सांगू? काळजीतही थोडा अभिमान वाटला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सोळा वर्षं काहीच टिकत नाही. कॉलेजात ज्या अवजारांवर हात बसवला त्यातलं आज एकही वापरात नाही. दर तीन वर्षांनी पाटी कोरी करायची आणि पंचविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकायचं. परवाच एकाला मी जुन्या एका अवजाराचं नाव सांगितलं तर म्हणाला, मॅडम, ते माझ्या बाबांच्या वेळचं. त्या सगळ्यात माझं एक काम वाडीत अजून उभं आहे, हे ऐकून बरं वाटलं.

काकूला माझा नमस्कार. तिला काही कळू देऊ नका.

तुमची
यशोधरा

*

वाडी
शनिवार, ५ जुलै

चि. यशोधरा,

तू सांगितलंस तसं करतोय. वही घातली आहे. पहिल्या दिवशी तिने सगळं बरोबर सांगितलं आणि वर मलाच विचारलं, "तुमचं डोस्कं ठिकानावर हाय ना?" दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला वेळ लावला. त्याच संध्याकाळी लाल मिरची दाखवून रंग विचारला तर आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग म्हणाली, "तुमाला कंचा दिसतोय?" मी ते वहीत लिहिलं. लिहिताना ती बघत होती.

आज सकाळी चुलीपाशी बसून भामाबाईला विचारत होती, डाळ पिवळीच आहे ना ग. यशू, मी तेही वहीत लिहिलं.

मोबाईल काढून घेतला. बंद करून कपाटात ठेवलाय, किल्ली माझ्या कनवटीला. ती तशीच भाकऱ्या थापत राहिली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

भामाबाई मात्र माझ्याशी भांडायला आली. म्हणे, "आवो, मोबाईलवर मीबी बघितलं, हिरवाच व्हता काटा." मैत्रिणीसाठी बाई काहीही बोलेल. मी तिला वाटेला लावलं.

आज गौरवकडे चाळीस माणसं आहेत, भामाबाईला एकटीला होणार नाही, म्हणून काकूला दुपारी जाऊ दिलं. काटा हिरवा होता, मी स्वतः फरशीपर्यंत सोडून आलो. रात्री तिकडेच राहील. उद्या गौरव तिला जीपने लांबच्या रस्त्याने आणेल, फरशीवर पाय ठेवायचा नाही असं दोघांना बजावलंय. भिमाजीचा निरोप आहे की उद्या दुपारी पाणी सोडतील.

११ तारखेपर्यंत कसं निभावायचं ते मला कळत नाही.

केरबाकाका

*

बंगळूर
रविवार, ६ जुलै, सकाळी सव्वाअकरा

काका, हे पत्र वाचाल त्या क्षणी उठा आणि काकूकडे जा.

भामाबाईलाही हिरवा दिसला, हे तुम्ही लिहिलंत आणि मी आत्ता चहा पिताना वाचलं. दोन माणसांना एकच भ्रम होत नाही. मी माझ्या फोनवर आपलं पान उघडलं. काटा हिरवा. तुम्ही सकाळी सहाला टाकलेला आकडा आतल्या नोंदीत पाहिला. तो लाल आहे. लॅपटॉपवर उघडलं, हिरवा. शेजाऱ्यांच्या फोनवर, हिरवा.

काकू बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. तिला जे दिसलं तेच तिथे होतं.

चूक माझी आहे. तो काटा मी फ्लॅश नावाच्या अवजारात केला होता. तेव्हा पानावर काहीही हलवायचं तर तेच वापरायचे, सगळं जग वापरत होतं. २०२० संपताना ते कायमचं बंद झालं, तेव्हापासून ते कुठल्याच मोबाईलवर किंवा नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तुमच्याकडे चालतं, कारण तुम्ही १२ साली घेतलेल्या त्या डब्याला आजवर हात लावू दिलेला नाही. आणि जिथे काटा चालणार नाही तिथे जागा रिकामी दिसू नये म्हणून मी २००९ मध्ये मागे एक चित्र ठेवून दिलं होतं. काट्याचं साधं चित्र. हिरव्यावरचं. का, तर ते दिसायला छान दिसत होतं. प्रोग्रॅममधल्या त्या ओळीवर माझंच नाव आहे, काका, आत्ता माझ्यासमोर आहे.

साडेचार वर्षं तुम्ही रोज खरा आकडा टाकताय आणि तुमच्या खोलीबाहेरचं सगळं जग हिरवं बघतंय.

मी पान बदललंय. आता काटा नाही, नुसता आकडा आणि रंग. आत्ता लाल आहे. आकडा आला नाही तरी आपोआप लाल होईल. पण काकूकडे मोबाईल नाही. तो मीच तुम्हाला काढून घ्यायला सांगितला. गौरवला अकरा वेळा फोन लावला, रेंज नाही. वाडीतल्या रूपालीच्या दुकानात लागत नाही, भिमाजीचा लागत नाही. तुम्हाला मेसेज केलाय, पोहोचल्याची खूण येत नाही. अजून लावतेय. पाणी दुपारी सोडणार म्हणालात ना? काका, उठा.

यशोधरा

*

वाडी
बुधवार, ९ जुलै

चि. यशोधरा,

तुझं पत्र आज वाचलं. रविवारी आठला लाईट गेली, टॉवर गेला, ती लाईट आज आली. तोपर्यंत गौरव कामशेतला जाऊन तुझ्याशी बोलला होता, पण माझ्याशी नीट बोलला नाही. कागदावर एवढंच लिहून दाखवलं, "आई बरोबर होती." मी म्हटलं असेल, धीर द्यायला लिहिलं असेल.

काकू जिवंत आहे हे तुला कळलंय. खांदा निखळलाय, पायाला टाके आहेत, पोटात पाणी गेलं होतं. तळेगावच्या दवाखान्यात आहे, उद्या सोडतील. गौरव पाहुण्यांना खेपांवर खेपा करून जीपने वर हायवेला सोडत होता. ती फरशीकडे गेली. पाणी गुडघ्याच्या वर होतं, दिसत होतं, आंधळ्यालासुद्धा कळलं असतं एवढा आवाज होता म्हणतात. तरी हिने पाय टाकला. भामाबाईने मागून धावत येऊन केसांना धरलं, म्हणून हाती लागली.

तुझ्यावर रागवायचं होतं, म्हणून दोन वेळा लिहायला बसलो. रेल्वेत एखादा सिग्नल बाद झाला तर तो उतरवायला कधी कधी वर्ष लागतं. पण त्याच दिवशी त्याच्या हातावर दोन फळ्या आडव्यातिडव्या ठोकतात. फुली. म्हणजे ड्रायव्हरला लांबूनच कळतं की याचं ऐकायचं नाही. मी स्वतः ठोकल्यात. दिवा विझलेला दिसला तर तो लाल समजायचा, हे तर केबिनात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुमचं एवढं मोठं अवजार जगभर बंद पडलं आणि त्यावर फुली मारायला एक माणूस नव्हता?

आणि चांगलं चालत होतं ते बंद का केलं, हे मला अजून कळत नाही. माझ्याकडे चालतंय ना. आत्तासुद्धा चालतंय.

हे लिहिलं आणि थांबलो. माझ्याकडे चालतंय, एवढ्यावरच मी तुझ्या काकूला, माझ्या हिराला, वेडी ठरवलं. तिचा मोबाईल माझ्या कपाटात होता. एकदा, फक्त एकदा, उघडून बघितला असता. तेवढंसुद्धा केलं नाही. तू चित्र लावलंस, पण वही मी घातली.

पाणी दिसत असताना तिने पाय का टाकला, हे मला समजत नाही. विचारायची हिंमत होत नाही. मला वाटतं तिने मुद्दाम टाकला.

केरबाकाका

*

बंगळूर
१३ जुलै

प्रिय काका, प्रिय काकू,

आधी काकांचं उत्तर देते, कारण ते सोपं आहे.

ते अवजार चांगलं होतं, काका. पण ते पाहुणं होतं. ब्राउझर, म्हणजे ज्यात आपण पानं बघतो, त्याला तेव्हा चित्र हलवता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर ते वेगळं आणून बसवायचं. पुढे तीन गोष्टी झाल्या. मोबाईल आले, त्यांची बॅटरी लहान, आणि त्यातल्या काहींनी ते घरातच घेतलं नाही. त्या अवजारात सारखी भोकं सापडायची, तिथून चोर शिरायचे. आणि तोवर ब्राउझर स्वतःच चित्र हलवायला शिकला. घरच्या माणसाला स्वयंपाक यायला लागला की आचाऱ्याला कोण ठेवतं? त्याला कुणी मारलं नाही. त्याची गरज संपली आणि त्याला करणाऱ्यांनीच तारीख जाहीर करून दुकान बंद केलं.

तारीख तीन वर्षं आधी जाहीर झाली होती. आमच्या ऑफिसात त्यावर केक कापला होता, बरं झालं सुटलो म्हणून. मी केक खाल्ला. आपलं पान मला आठवलं नाही. फुली मारायची होती ती मी, दुसरं कोण मारणार होतं? आम्ही नवीन शिकायला धावतो, मागे राहिलेलं कुठे कुठे उभं आहे ते बघायला कुणी मागे वळत नाही. गेल्या आठवड्यापासून मी माझी जुनी कामं काढून बघतेय. एका दवाखान्याच्या वेळा, एका शाळेचा दाखल्यांचा तक्ता. एकेकावर फुली मारतेय.

काकू, तुझी माफी कशी मागू? तुझ्या डोळ्यांवर शंका घ्या, असं मी लिहून दिलं. प्रश्न मी सांगितले. तुझ्याकडचा फोन मी काढून घ्यायला लावला. तू समोर असतीस तर पाय धरले असते. मला यायचंय, येऊ का?

एक विचारते, नाही सांगितलंस तरी चालेल. काका झोपत नाहीत असं गौरव म्हणाला. त्या दिवशी पाणी दिसत होतं ना? मग पाय का टाकलास?

तुझी
यशू

*

वाडी
२० जुलै

यशू पोरी,

गौरव म्हनला, आई तू बोल, मी लिवतो. म्या म्हनलं न्हाई, सातवी झालीया माजी, माजं मी लिवते. तो ह्याचा फोटू काडून तुला धाडंल. डावा हात आजून गळ्यात बांदलाय, कागद सरकतोय, तवा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

ये की. इचारतीस काय. पन माफी बिफी नगं. लय माफ्या झाल्या हितं. तुजे काका तर रोज एक मागत्यात.

तू इचारलंस ते सांगते. काकांना आजून सांगितलेलं न्हाई.

गौरवची जीप लवकर येईना, म्हनून मी पायीच घराकडं निघाले. मला समदं दिसत हुतं. फरशी दिसत न्हवती, तिच्यावरनं गढूळ पानी चाललेलं. करंजाची एक फांदी वाहून गेली, तिची पानंबी दिसली. आवाज येत हुता. भामा म्हागं भांडी आवरत हुती. मी उभी ऱ्हायले आन् मनाला म्हनलं, हिरे, आता तुला पानी दिसाय लागलं.

माजी आय शेवटाला अशीच करायची. उनाळ्यात दारात बसून म्हनायची, पानी आलं, पोरांना आत घ्या, पानी आलं. आमी हसायचो. मंग एक दिस हसायचं बंद झालं.

आदी मला राग यायचा. म्या बरोबर सांगितलं तरी तुजे काका वहीत लिवायचे. मंग वाटाय लागलं, एवडा शिकलेला मानूस, पस्तीस वर्सं लाल-हिरवं बगन्यात गेली त्याची, तो उगं लिवंल का? मंग मिरचीकडं बगितलं तरी मनाला इचाराय लागले. लालच हाय ना ही? डाळीकडं बगायचं भ्या वाटाय लागलं. बोलायच्या आदी समद्यांची तोंडं बगायची. त्या दिवशी नदीपाशी तोंड बगायला कुनी न्हवतं. म्या म्हनलं, कुनाला हाक मारून इचारलं, पानी हाय का ग, तर आजून एक डाक्टर. गप जा. नसलंच पानी, तर पाय कोरडा ऱ्हाईल.

थंडगार लागलं. गुडघ्यापत्तूर आलं तरी म्या म्हनत हुते, हे बी मला वाटतंय.

मी जीव द्याया न्हवते गेले, एवडं त्यांना सांग. तूच सांग, माज्यानं व्हनार न्हाई.

आता समदी म्हनत्यात हिराचं खरं हुतं. नवं पान लाल झालं की भामा घरी येऊन सांगून जाते. वही काकांनी चुलीत घातली, माज्यासमोर. मोबाईल परत दिला, तो म्या फळीवर ठिवलाय. किल्लीबी दिली. समदं दिलं त्यांनी.

आन् रोज सकाळी सा वाजता मला वट्यावर नेत्यात. म्हनत्यात, हिरे, भिमाजीचा आकडा ऱ्हाऊ दे, तू सांग नदी कशी हाय, तू सांगशील तेच पानात टाकतो. त्यांना वाटतं, ह्यानं मला बरं वाटंल. मीबी मान हलवते.

मी नदीकडं बगते. मंग त्यांच्या तोंडाकडं बगते, आन् तितं जे दिसंल त्येच सांगते.

तुजी
हिराकाकू